मूल सांभाळायचे पैसे : खानदेशातली दीडशे वर्षांची उधारी

जळगावला राहणाऱ्या माझ्या भाचीचा मध्यंतरी फोन आला. ती एका खासगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, नवरा एमआयडीसीत कामाला. मुलगी दोन वर्षांची. मुलीला जिथं ठेवतात त्या पाळणाघराने जूनपासून पैसे वाढवले. भाची म्हणाली, "मामू, पाळणाघर, रिक्षा, डबा सगळं धरलं तर माझा अर्ध्याच्या वर पगार तिथंच जातो. उरलेल्यासाठी नोकरी करायची का?" तिची सासू धुळ्याला असते, गुडघ्यांनी अधू झालेली. तिचं म्हणणं सरळ आहे, नोकरी सोड. "आमच्या वेळी कुठं होतं पाळणाघर? पोरं अशीच वाढली."

हे वाक्य आपण सगळ्यांनी आपापल्या घरात ऐकलंय. मीही ऐकलंय आणि कधीतरी बोललोही असेन. पण "अशीच वाढली" म्हणजे नेमकी कशी वाढली, हा प्रश्न आपण विचारत नाही. आम्ही पिंजारी. कापसाशी आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं, त्यामुळे खानदेशातल्या कापसाचा इतिहास मी आवडीने वाचत आलो आहे. त्या इतिहासात एकही पोर फुकट वाढलेलं मला दिसलं नाही. प्रत्येकाचे पैसे कुणीतरी भरले. फक्त त्याची पावती कुणी फाडली नाही.

काम घराबाहेर गेलं, मूल घरात राहिलं

जिन येण्याआधी सरकी काढायचं काम घरोघरी, हाताच्या चरकीवर व्हायचं आणि ते बहुतेक बायकाच करायच्या. आढ्याला झोळी टांगायची, एका हाताने दोरी ओढायची, दुसऱ्या हाताने काम. कष्ट कमी नव्हते, पण काम आणि मूल एकाच छपराखाली होतं.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात जीआयपी रेल्वेचा रूळ जळगाव-भुसावळवरून पुढे गेला. त्यामागून वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस आले. जळगाव, धरणगाव, अमळनेर, धुळे या गावांचं रूप तिथून बदललं. सरकी काढणं आता कारखान्याचं काम झालं. रेच्यांवर ओळीने बायका बसू लागल्या. काम घरातून उठून जिनात गेलं, पण तान्ह्या पोराचं काय करायचं हे कुणी ठरवलं नाही. आज आपण ज्याला पाळणाघराचा प्रश्न म्हणतो, तो खानदेशात इथून सुरू होतो.

१८८४-८५ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता. त्याच्यापुढे खानदेशातल्या जिनांबद्दल जी साक्ष झाली ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. पहाटे चारला दरवाजा उघडायचा, रात्री दहापर्यंत काम चालायचं. वेळेत पोचावं म्हणून माणसं पहाटे तीनलाच येऊन थांबायची. मजुरी तीन-चार आणे. हंगाम जोरात असला की बाया-पुरुष सलग आठ-आठ दिवस, रात्रंदिवस, आळीपाळीने एकमेकांना सोडवत राबायचे. माणसं पार थकली की नवी आणायची. या राबण्यात माणसं मरत होती, हेही त्या साक्षीत होतं.

अठरा तास आई जिनात असेल तर पोर कुठे असेल? आयोगाने हा प्रश्न विचारला नाही, कारण तो तेव्हा कारखान्याचा प्रश्नच मानला जात नव्हता.

आता कायद्याकडे बघू. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होता आणि वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळलेले होते. खानदेशातला जिन हंगामी. दिवाळीनंतर कापूस यायचा, उन्हाळ्याच्या तोंडी काम आटपायचं. म्हणजे जिथं सर्वांत जास्त राबवून घेतलं जायचं, नेमकं तिथं कायदा पोचत नव्हता. १८९१ च्या दुरुस्तीने पन्नास कामगारांपर्यंतचे कारखाने कक्षेत आणले, बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. हंगामी कारखाने मात्र १९११ च्या कायद्यातच कक्षेत आले. जिनातल्या बायका कायद्याला दिसायला तीस वर्षं लागली. त्यांची पोरं दिसायला अजून वेळ होता.

गोळी

माझी नानी १९५० च्या आसपास धरणगावच्या एका जिनात जायची. ती "गोली" हा शब्द जितक्या सहज वापरायची तितक्या सहज आपण आज ग्राइप वॉटर म्हणतो. "गोली दी तो शाम तक सोता था बच्चा." लहानपणी मला वाटायचं, ते पोटदुखीचं औषध असेल. मोठं झाल्यावर कळलं, ती अफूची गोळी. मुंबईत तिला बाळगोळी म्हणत.

मुंबईत याची मोजदाद झाली होती. १९२०-२२ च्या सुमारास सरकारने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांना गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करायला सांगितलं. त्यांना आढळलं की गिरणीत काम करणाऱ्या आयांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जात होती. कारण साधं होतं. खोलीत सांभाळायला कुणी नाही, कामावर न्यायची सोय नाही, खाडा झाला तर मजुरी गेली. गोळी दिली की बाळ रडत नाही, भूकही मागत नाही. भूक मारली जाते म्हणून ते वाळत जातं.

ती आई निर्दय नव्हती. तिच्यापुढे जे होतं त्यातलं तिला परवडणारं पाळणाघर तेच होतं. पैसे बाळाने भरले, आपल्या हाडामांसातून.

म्हणून "पोरं अशीच वाढली" हे ऐकलं की मला वाटतं, जी वाढली ती सांगायला उरली. जी नाही वाढली त्यांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत. नानीची अकरा बाळंतपणं झाली, मोठी झाली सहा.

कायद्यातली खोली

पैसे दुसऱ्या कुणी भरावेत ही गोष्ट सरकारदरबारी स्पष्टपणे बोलली गेली ती १९२८ साली, मुंबई कायदेमंडळात. गिरणीकामगार बायकांना बाळंतपणाच्या काळात भत्ता मिळावा असं विधेयक आलं होतं. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांचा मुद्दा असा होता की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. मालक बायकांना कामाला लावतो ते त्यात फायदा आहे म्हणून, तेव्हा खर्चाचा वाटा त्याने उचलणं न्याय्य आहे. पण हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, हेही त्यांनी मान्य केलं. १९२९ मध्ये कायदा झाला. देशातला असा तो पहिला.

मूल जन्माला घालणं ही त्या घराची खासगी हौस नाही, त्यात सगळ्या समाजाचं हित आहे, म्हणून खर्चही वाटून घ्यायचा, हा विचार आज शंभर वर्षांचा होत आला. तरी आपल्या घरांत तो अजून पोचलेला नाही.

त्याच सुमारास नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला आणि गिरण्यांत मुलांसाठी सोय करायला सांगितली. १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतिक सरकारांना अधिकार दिला की पन्नासहून जास्त बायका असलेल्या कारखान्यांना मुलांसाठी खोली ठेवायला लावावी. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यात कलम ४८ आलं. पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवंच. स्वच्छ, हवेशीर खोली, शिकलेली बाई सांभाळायला, आणि आईला मधे जाऊन दूध पाजण्याची मुभा. १९७६ मध्ये पन्नासची अट तीसवर आणली.

खानदेशात तेव्हा हा कायदा लागू व्हावा अशा गिरण्या होत्या. जळगावची खानदेश मिल, अमळनेरला प्रतापशेठांची प्रताप मिल, धुळ्याला न्यू प्रताप मिल. गिरणीच्या भोंग्यावर ही गावं उठायची.

पण झालं काय? कायद्याने पाळणाघराची जबाबदारी बायकांच्या संख्येला बांधली. बायका जितक्या कमी, तितका मालक मोकळा. मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. १९७० च्या दशकापर्यंत वीसातही एक उरली नाही. याची कारणं बरीच आहेत. बायकांना रात्रपाळीची बंदी होती आणि गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या. बायका ज्या खात्यांत होत्या तिथं नवी यंत्रं आली. पण बाई ठेवली की बाळंतपणाचा भत्ता आणि पाळणाघर मागे लागतं, हा हिशोबही मालकाच्या डोक्यात होता. चांगल्या कायद्याची ही वाईट बाजू आपण लक्षात ठेवली पाहिजे. खर्च एकट्या मालकावर आणि तोही बायकांच्या डोक्यांवर मोजून टाकला, तर तो आधी बाईलाच दारातून बाहेर काढतो.

जिनांच्या बाबतीत तर हंगामी असल्याची सवलत पुन्हा आलीच. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांना दिवसाला दहा तासांची मर्यादा घातली, हंगामींना अकरा. आणि पन्नासचा आकडा गाठायचाच नसेल तर बायका मुकादमामार्फत आणायच्या, हजेरी त्याच्याकडे ठेवायची. हे आजही चालतं.

अम्मीची शाळा

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत गिरण्यांचे भोंगे बंद पडत गेले. कलम ४८ पुस्तकात राहिलं, पण ज्यांना ते लागू पडेल असे कारखानेच कमी झाले. काम पुन्हा लहान लहान जागांत विखुरलं. जळगावला डाळ मिल, चटईचे कारखाने. धुळ्याला मोमीन-अन्सारी वस्त्यांत यंत्रमाग. दोंडाईचाला मिरचीची खळी. १८५७ नंतर उत्तरेतून जे विणकर मालेगाव-धुळ्याकडे आले, त्यांच्या घरांत काम आणि संसार पुन्हा एका छपराखाली आले. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल. मागाचा खडखडाट दिवसभर चालू, रुईचे कण हवेत आणि बाई एका बाजूला कांड्या भरते आहे, दुसऱ्या बाजूला रांगतं पोर. चार-सहा मागांच्या अशा शेडला कारखाना कायदा लागूच होत नाही. माणसं वाढली तर शेड भावाच्या नावावर वेगळी दाखवता येते.

या घरांत आणि जिनात जाणाऱ्या घरांत पोरांना कुणी सांभाळलं? थोरल्या बहिणीने.

माझी अम्मी उर्दू शाळेत तिसरीपर्यंत शिकली. चौथीत असताना धाकटा भाऊ झाला आणि नानी चाळीस दिवसांनी पुन्हा जिनात जायला लागली. अम्मीचं दप्तर खुंटीला लागलं. नऊ वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन जिनाच्या फाटकाशी जायची, नानी बाहेर येऊन दूध पाजायची, मुकादम ओरडायचा, अम्मी परत यायची. असं एक नाही, तीन भावंडांपर्यंत चाललं. माझे ते तिन्ही मामू शिकले. एक शिक्षक झाला, एक एसटीत लागला. अम्मी सही करते ती अजून एकेक अक्षर थांबून.

मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही. खानदेशातल्या कुठल्याही मोहल्ल्यात, तांड्यावर, तडवी पाड्यावर जा, प्रत्येक घरात अशी एक आपा, एक आक्का सापडेल. मुस्लिम मुलींच्या शाळागळतीवर बोलताना आपण पडदा, लवकर लग्न, उर्दू माध्यम, दूरची शाळा यांवर बोलतो. धाकटं भावंड हे कारण त्या यादीत फारसं येत नाही. पण कित्येक पोरींची शाळा पहिल्यांदा सुटते ती तिथं. पैसे बहिणीने भरले, शाळेच्या रूपाने.

अंगणवाडी : चार तासांची शाळा, दहा तासांचं काम

लहान मुलांची सोय वस्तीत जाऊन करायची, हा विचार महाराष्ट्राने देशाला दिला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला आदिवासी पाड्यांत काम नेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची मूळ कल्पना. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा देशात ३३ प्रकल्प होते. आज अंगणवाडी गावोगावी आहे.

अंगणवाडीने मुलांना आहार दिला, लसी दिल्या, नाव लिहायला शिकवलं. पण ती पाळणाघर म्हणून बांधलेलीच नव्हती. ती काही तास चालते आणि तिथं बसणारं मूल तीन वर्षांपुढचं. आई वेचणीला पहाटे जाते, डाळ मिलमध्ये सकाळी आठला जाते, माझी भाची नऊला जाते. दीड वर्षाच्या बाळासाठी अंगणवाडीत जागा नाही, आणि चार वर्षांच्या मुलाला दुपारी घरी कोण आणणार हा प्रश्न तसाच. शिवाय आपल्या वस्त्यांचा वेगळा मुद्दा आहे. २००६ च्या जूनमध्ये केंद्राने अल्पसंख्याकांसाठी पंधरा कलमी कार्यक्रम जाहीर केला, त्यातलं पहिलंच कलम होतं बाल विकास सेवांचा समान लाभ. त्याच वर्षाच्या अखेरीस सच्चर समितीचा अहवाल आला आणि मुस्लिम वस्त्यांत अंगणवाडीची पोच किती तोकडी आहे ते समोर आलं. आपण सच्चरमधला नोकऱ्यांचा आकडा पाठ केला, अंगणवाडीचं पान उलटून पुढे गेलो.

काम करणाऱ्या आयांसाठी वेगळी सरकारी पाळणाघरं होती. २००६ ला राजीव गांधींच्या नावाने ती योजना निघाली, २०१७ पासून राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली. महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास, एका केंद्रात २५ मुलं. दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिना २० रुपये, आई-बापाची मिळून कमाई १२ हजारांपर्यंत असेल तर १०० रुपये, त्यावर २००. कागदावर याहून चांगलं काय हवं? पण तिथं मुलं सांभाळणाऱ्या सेविकेचं मानधन ३,००० आणि मदतनिसाचं १,५०० होतं. २०१४-१५ च्या सुमारास देशात अशी वीस हजारांवर केंद्रं होती. २०२० पर्यंत ती सात हजारांच्याही खाली आली. २०२२ पासून 'पाळणा' नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची योजना चालू झाली आहे.

दर कमी ठेवायचा आणि त्याची भरपाई सांभाळणाऱ्या बाईच्या पोटातून करायची, असा हा सरकारी हिशोब. अंगणवाडीतही तेच. सेविकेला कामगार म्हणायचं नाही, मानसेवी म्हणायचं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस पन्नासहून जास्त दिवस संपावर होत्या, तेव्हा जळगाव-धुळ्यातल्या अंगणवाड्यांनाही कुलूप होतं. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की ती बाई रोज काय करते.

पैसे वाढतात ते का?

खासगी पाळणाघरांच्या चालकांना शिव्या देणं सोपं आहे. काही जण लुटतात हे खरं. पण मूळ अडचण निराळी आहे. १८८० मध्ये एका रेच्यावर जेवढी रुई निघायची त्याच्या कित्येक पट आज निघते. यंत्र सुधारलं. पण एक बाई तेव्हा तीन-चार तान्ही बाळं नीट सांभाळू शकायची, आजही तीन-चारच सांभाळू शकते. या कामाला यंत्र नाही. म्हणून बाकीच्या वस्तू स्वस्त झाल्या तरी मूल सांभाळणं महागच होत जाणार. भाडं वाढतं, मजुरी वाढते, ते आई-बापाकडूनच वसूल होतं. पैसे वाढवायचे नाहीत तर दोनच मार्ग उरतात. एका बाईकडे बारा मुलं द्यायची किंवा तिला कमी पगार द्यायचा. बहुतेक ठिकाणी दोन्ही होतं.

आजवर या कामाची किंमत दिसली नाही, कारण ती बाळाने, बहिणीने, आजीच्या गुडघ्यांनी आणि सेविकेच्या मानधनाने भरली. आता घरं लहान झाली, बहिणी शाळेत गेल्या (त्या तिथंच राहोत), सासू धुळ्याला आणि सून जळगावला. म्हणून ती रक्कम पहिल्यांदा आकड्यात लिहून हातात आली. उधारी जुनीच आहे.

दीन काय सांगतो

आपल्यात या विषयावर चर्चा झाली की ती लगेच "बाईने घराबाहेर पडावं का" इथं जाऊन अडकते. कुरआनात या विषयावर जे आहे ते मला जास्त व्यावहारिक वाटतं. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याची गोष्ट आहे. तिथं आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर टाकला आहे. मुलापायी आईलाही त्रास होऊ नये, बापालाही होऊ नये, दूध सोडवायचं तर दोघांनी सल्लामसलत करून ठरवावं, आणि दुसऱ्या बाईकडून दूध पाजून घ्यायचं असेल तर तिचे ठरलेले पैसे रीतसर द्यावेत, असा तिचा आशय आहे. सूरह तलाकच्या सहाव्या आयतीत तर तलाक झालेली आई मुलाला पाजत असेल तर तिला मोबदला द्या असं आहे. हनफी फिकहच्या ग्रंथांत दाईच्या कराराची स्वतंत्र चर्चा आहे. म्हणजे मूल सांभाळणं हे काम आहे, त्याला मोल आहे आणि ते बापाच्या खात्यातून जायचं आहे, हे आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वी मान्य झालेलं आहे.

हजरत उमर यांची एक हकीकत परंपरेत सांगितली जाते. रात्री गस्त घालताना त्यांना एका मुलाचं रडणं ऐकू आलं. आई म्हणाली, खलीफा फक्त दूध सुटलेल्या मुलांना भत्ता देतात, म्हणून मी याचं दूध लवकर सोडवते आहे. उमर हादरले आणि त्यांनी जन्मलेल्या प्रत्येक मुलाला भत्ता लावून दिला. नियम चुकीच्या ठिकाणी रेघ ओढतो तेव्हा त्याची किंमत तान्हं मूल मोजतं, हे त्यांना एका रात्रीत कळलं. कारखाना कायद्यातली ती पन्नास बायकांची रेघ आठवा.

मग करायचं काय?

भाचीला मी तीन गोष्टी सांगितल्या.

एक, कायदा आता थोडा बदलला आहे. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पाळणाघराची अट बायकांच्या संख्येवर न ठेवता एकूण पन्नास कर्मचाऱ्यांवर ठेवली. बाई काढली म्हणून मालक सुटत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अनेक आस्थापनांनी पैसे एकत्र करून सामाईक पाळणाघर चालवायची मुभा आहे. जळगाव एमआयडीसीत, दवाखान्यांच्या गल्लीत हे करता येईल. दहा-वीस माणसांच्या कारखान्यांवर सक्ती नाही, पण आठ कारखाने मिळून एक खोली चालवणं अशक्यही नाही. मागणी तर कुणीतरी केली पाहिजे.

दोन, आपल्या मोहल्ल्यांत शादीखाने आहेत. आठवड्यातले पाच दिवस ते रिकामे असतात. तिथं पंखे आहेत, पाणी आहे, स्वयंपाकघर आहे. नगरसेवकाकडे 'पाळणा' केंद्र मागायचं तर जागा नाही हे उत्तर आधी येतं. जागा आपल्याकडे आहे.

तिसरी गोष्ट मी तिला हळूच विचारली. "तू हिशोब फक्त तुझ्या पगारातून का केलास? मूल तुझ्या एकटीचं आहे का?" ती गप्प झाली. आपल्याकडे सगळीच घरं हाच हिशोब करतात. पाळणाघराचे पैसे सुनेच्या पगारातून वजा करतात आणि उरलेला आकडा दाखवून नोकरी सोड म्हणतात. दोघांच्या कमाईतून वजा केले तर तोच आकडा वेगळा दिसतो. चार वर्षांनी मुलगी शाळेत जाईल, तोवर या पोरीची नोकरीची वर्षं, बढती, पीएफ सगळं टिकलेलं असेल. ते कुणी त्या वजाबाकीत धरत नाही.

जूनचे पैसे जावयाने भरले असं नंतर कळलं. नोकरी चालू आहे.

हे सगळं मी घरी सांगत होतो तेव्हा अम्मी तांदूळ निवडत बसली होती. मध्ये काही बोलली नाही. शेवटी तिने एकच विचारलं, "तिथं बच्चे संभालनेवाली बाई को कितना देते?"

मला माहीत नव्हतं. भाचीला फोन केला. तिलाही माहीत नव्हतं. रोज सकाळी त्या बाईच्या हातात मूल देऊन ती कामावर जाते, दीड वर्ष झालं. म्हणाली, "उद्या विचारते, मामू."